सावरडो स्टार्टर: अलार्म लावू नका, विरजणाचा हिशोब लावा

सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पीठ-पाण्यावर फुगवलेला पाव, नवीन होतं तेव्हा मी रात्री अडीचचा अलार्म लावून उठायचे. खरंच सांगते. बाहेरच्या सगळ्या रेसिप्यांत एकच लिहिलेलं असायचं, स्टार्टर (ते आंबवलेलं पीठ-पाणी) फीड करा, म्हणजे त्यात ताजं पीठ-पाणी घाला, रूम टेम्परेचरला आठ ते बारा तास ठेवा आणि मग वापरा. मी इमानदारीत संध्याकाळी सातला फीड करायचे आणि सकाळी सातला बघायचे तर बरणीच्या काचेवर वरपर्यंत चिकटलेल्या खुणा आणि तळाशी पातळ आंबट पेज. म्हणजे मधे कधीतरी फुगून पडलेलं. कधी ते कळायला मग काय, उठा आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघा. नवरा अर्धवट झोपेत म्हणाला, कोण आलंय? म्हटलं कोणी नाही, पीठ फुगलंय का बघतेय. तो बिचारा कूस बदलून झोपला.

गोची अशी होती की ज्यांनी त्या रेसिपी लिहिल्या त्यांची रूम २१ अंशांची आणि माझं पुण्यातलं पश्चिमेकडचं स्वयंपाकघर एप्रिलात रात्रीसुद्धा ३२ अंशांवर. हे मला कळलं ते सासूबाईंमुळे. त्या एक दिवस मला फीड करताना बघत होत्या, ५० ग्रॅम जुनं, ५० पीठ, ५० पाणी, आणि म्हणाल्या, "अगं उन्हाळ्यात विरजण थेंबभर लावतात, तू वाटीभर कशाला घालतेस? आंबटढाण होणार नाहीतर काय." बास. तिथेच सगळं आहे. थंडीत आपण दुधाला चमचाभर विरजण लावतो, वर शाल गुंडाळतो, आणि मे महिन्यात बोट बुडवल्याइतकं लावलं तरी सकाळी दही घट्ट. जुनं स्टार्टर म्हणजे विरजण आणि पीठ-पाणी म्हणजे दूध. आपल्याला दही कधी हवंय ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे विरजण कमीजास्त करायचं, उलट विरजणाच्या वेळेवर आपण उठायचं नाही.

आता हे ग्रॅममध्ये कसं करायचं ते सांगते. आधी एक वजनकाटा घ्या, किचनचा डिजिटल, तीन-चारशे रुपयांत मिळतो. वाटीने मोजू नका, कारण वाटीभर फुगलेलं स्टार्टर आणि वाटीभर बसलेलं स्टार्टर यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो.

सगळीकडे १:१:१, १:५:५ असे आकडे दिसतात ते वजनाचे. पहिला आकडा जुनं स्टार्टर, दुसरा पीठ, तिसरा पाणी. म्हणजे १:५:५ म्हणजे १० ग्रॅम जुनं, ५० पीठ, ५० पाणी. माझ्या ओट्यावर, अर्धी कणीक अर्धा मैदा घालून, साधारण असं चालतं: ३२ अंशांना १:१:१ घातलं तर तीन तासांत पूर्ण फुगतं, १:५:५ ला सहा तास आणि १:१०:१० ला साडेसात-आठ. तेच २७ अंशांना अनुक्रमे साडेचार, आठ-साडेआठ आणि दहा तास. आणि जानेवारीत ओटा २० अंशांवर असतो तेव्हा १:१:१ लाच आठ तास लागतात, १:५:५ ला चौदा-पंधरा. तुमचं थोडं पुढेमागे होईल, पण चाल हीच राहणार.

यात एक गंमत बघा, पीठ पाचपट केलं तरी वेळ पाचपट होत नाही, ३२ अंशांना तीनचे सहाच होतात. कारण आतले जीव एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात, म्हणजे तुम्ही खाणं दुप्पट केलं तर त्यांना फक्त अजून एक पिढी काढावी लागते. उन्हाळ्यात ही एक पिढी साधारण तास-दीड तासाची असते, थंडीत तीन-साडेतीन तासांची. म्हणून तीन तास पुढे ढकलायचं असेल तर चिमूटभर जास्त पीठ घालून काही होत नाही, सरळ १ वरून ५ वर जावं लागतं. मी हे कळेपर्यंत १:१:१ चं १:१.५:१.५ करून बघत बसायचे आणि वैतागायचे.

थर्मामीटर नसला तरी चालेल असं लोक म्हणतात पण मी म्हणेन घ्याच एक साधा, कारण आपल्याला "गरम आहे" म्हणजे २९ की ३३ हे कळत नाही आणि स्टार्टरला नेमकं तेच कळतं. आणि ओट्याचं तापमान मोजा, हवामान खात्याचं नाही. फ्रिजच्या वरचा कप्पा, गॅसच्या बाजूचा कोपरा आणि खिडकीजवळचा कट्टा यांच्यात माझ्याकडे चार अंशांचा फरक आहे, म्हणजे बरणी इकडची तिकडे केली तरी वेळ तास-दोन तासांनी हलते.

फुगून कुठे थांबलंय ते बघायचं कसं

सगळे म्हणतात "पीकला असताना वापरा". पीक म्हणजे शेतातलं नव्हे, स्टार्टर सगळ्यात जास्त वर आलंय तो क्षण. बरणी काचेची आणि सरळ भिंतींची घ्या, लोणच्याची कमरेत बारीक असलेली नको. फीड केलं की कडेने खरवडून खाली घ्या, रबरबँड लावा पिठाच्या पातळीवर, आणि झाकण नुसतं टेकवून ठेवा, आवळू नका.

मग बघा. आधी तासभर काही होत नाही. मग कडेने बारीक बुडबुडे दिसतात, मग वर येऊ लागतं आणि मधला भाग कडेपेक्षा उंच असतो, घुमटासारखा. हा घुमट असताना अजून चढतंय. मग घुमट सपाट होतो, वर बारीक बारीक भोकं पडतात, आणि बरणी हलकेच टेबलावर आपटली तर थरथरतं. हीच वेळ. यानंतर मधे खड्डा पडायला लागतो आणि कडेला चिकटलेली रेघ मागे राहते, म्हणजे उतरतंय. सपाट झाल्यापासून मधे खड्डा पडेपर्यंत थंडीत दोन तास मिळतात, मेमध्ये अर्धा-पाऊण तास. म्हणूनच उन्हाळ्यात चुकतं, आपण आंघोळीला जाऊन येईपर्यंत उतरलेलं असतं.

थोडं उतरलेलं वापरलं तर पाव फुकट जात नाही हं. फक्त जास्त आंबट होतो आणि पीठ जरा लवकर सैल पडतं. मी खड्डा पडल्यानंतर तासाभरातलं बिनदिक्कत वापरते. अर्धवट चढलेलं वापरणं त्याहून वाईट.

वास पण घ्या. पीकला असताना ताज्या ताकासारखा, थोडा पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर ते कधीचं उपाशी आहे.

पाण्यात चमचाभर टाकून तरंगतं का बघायची टेस्ट तुम्ही ऐकली असेल. मी ती सोडून दिली. कणकेचं चांगलं फुगलेलं स्टार्टर कित्येकदा बुडतं आणि चमच्याने घेताना हवा गेली तर मैद्याचं पण बुडतं. रबरबँड बघा, तीच टेस्ट. पण एक लक्षात ठेवा, कणकेचं स्टार्टर दुप्पट झालं तरी भरपूर, मैद्याचं अडीच-तीनपट जातं. दुसऱ्याची तिप्पट फुगलेली बरणी बघून आपल्याला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

पीठ आणि पाणी

नुसती चक्कीची कणीक चालते, आंबतं फार भराभर कारण कोंड्यात खनिजं आणि एन्झाइम्स जास्त. पण वाढ फारशी दिसत नाही आणि गरमीत पटकन उतरतं. नुसता मैदा हळू चालतो, दिसतो छान. मी अर्धं-अर्धं करते, आणि मेमध्ये मुद्दाम मैदा वाढवते, पाऊण मैदा पाव कणीक, तेवढाच वेग कमी. खपली गव्हाचं पीठ आमच्या सातारा-सांगलीकडून येतं तेव्हा घालून बघितलंय, आंबतं झकास पण त्याचं ग्लुटेन कमजोर, फुगून उभं राहत नाही, त्यामुळे वेळेचा अंदाज घेता येत नाही. ते पावात घाला, स्टार्टरला नको.

दाटपणा मैदा असेल तर भज्यांच्या पिठाइतका, कणीक असेल तर त्याहून बराच घट्ट. धिरड्याच्या पिठासारखं पातळ झालं तर बुडबुडे येतात आणि फुटून जातात, ते फुगतच नाही, आणि माणूस समजतो स्टार्टर मेलं. मेलेलं नसतं, पातळ असतं.

पाणी नळाचं चालतं, पण कॉर्पोरेशनच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल त्या दिवशी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवून मग घ्या किंवा उकळून गार करून घ्या. मेमध्ये फ्रिजचं पाणी, जानेवारीत कोमट. हे छोटं वाटतं पण गार पाण्याने उन्हाळ्यात सहज तासभर मिळतो.

उलटं मोजायचं: रविवारच्या नाश्त्याला पाव हवाय

हे माझं दर आठवड्याचं आहे, ऑफिस सांभाळून. स्टार्टर आठवडाभर फ्रिजमध्ये झोपलेलं असतं. पाव रविवारी सकाळी हवा, म्हणजे भाजायच्या आधी रात्रभर लाटी फ्रिजमध्ये हवी, म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत पीठ येऊन आकार देऊन झाला पाहिजे, म्हणजे शनिवारी सकाळी सातला मळायचं, म्हणजे सातला स्टार्टर तयार हवं, आणि मी शुक्रवारी रात्री दहाला मोकळी होते. दहा ते सात, नऊ तास. हा झाला माझा गॅप, आणि रेशो या गॅपवरून ठरतो.

पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरनंतर, ओटा २७-२८ अंश असताना: १० ग्रॅम स्टार्टर, ५० पीठ, ५० पाणी. आठ तास स्टार्टरचे आणि एखादा तास फ्रिजचा गारवा जायला. सकाळी बरोब्बर सपाट मिळतं. ११० ग्रॅम होतात, १०० पावात जातात आणि १० उरतात पुढच्या वेळेला. म्हणजे या फीडमधलं टाकून द्यायला काहीच नाही! लोक ते डिस्कार्ड डिस्कार्ड (फीड करताना काढून टाकावं लागणारं स्टार्टर) म्हणून रडतात ना, त्यातलं बहुतेक फक्त जास्त स्टार्टर सांभाळल्यामुळे होतं. अर्धा किलो स्टार्टर कशाला पाळायचंय, आपण बेकरी नाही चालवत.

मे महिन्यात: ५ ग्रॅम, ५० पीठ, ५० फ्रिजचं पाणी, आणि तरी भीती वाटली तर चिमूटभर मीठ, पाव चमच्याहून कमी. मीठ वेग कमी करतं. दहा वाजता घातलं तर साडेसहा-सातला तयार. यात बरणीच्या तळाशी चिकटलेलंच पाच ग्रॅम असतं, वेगळं काढायची पण गरज नाही, काटा शून्य करा आणि त्याच्यावरच पीठ-पाणी घाला.

डिसेंबर-जानेवारीत: २५, ५०, ५०, कोमट पाणी, आणि बरणी बंद मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी गरम पाण्याचा पेला. मायक्रोवेव्ह चालू करायचा नाही हे सांगायला नको, पण दारावर चिठ्ठी लावा कारण घरात सकाळी दूध गरम करणारे वेगळे असतात. तरी नऊ तासांत होईलच असं नाही, त्या महिन्यात मी रात्री जेवायच्या आधी आठलाच घालते.

फ्रिजमध्ये आठवड्याहून जास्त पडून असेल तर एकदम एका फीडमध्ये अंगात जोर येत नाही. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या एक छोटं १:१:१ द्या, पाच-पाच-पाच ग्रॅम, आणि ते फुगलं की रात्री झोपायच्या आधी त्यातलं १० घेऊन मोठं फीड.

आता शनिवार सकाळ. ४०० मैदा, १०० कणीक, १०० स्टार्टर, ३२५ पाणी, १० मीठ. मैदा पाकिटावर प्रोटीन बघून घ्या, १०० ग्रॅमला ११-१२ ग्रॅम असेल तर ३२५ पाणी झेपतं, १० च्या आत असेल तर ३०० वर थांबा. मळून अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा ताणून घडी घाला, आणि मग वाट. इथे पण तोच हिशोब, २७ अंशांना साधारण पाच तास, ३०-३१ ला साडेतीन-चार, थंडीत आठ-नऊ. मेमध्ये मी पावात पण स्टार्टर निम्मं करते, १०० ऐवजी ५०, नाहीतर चहा-आंघोळ-भाजी आणणं यात पीठ हाताबाहेर जातं.

पीठ किती आलं हे मोठ्या पातेल्यात कळत नाही. मळून झाल्यावर सुपारीएवढा गोळा तोडून एका छोट्या काचेच्या ग्लासात दाबून ठेवा, मार्करने रेघ मारा, आणि ग्लास पातेल्याशेजारीच ठेवा. तो दीडपट झाला की गरमीत थांबा, लगेच आकार देऊन फ्रिजमध्ये, कारण गरम लाटी फ्रिजमध्ये गार होईपर्यंत आत अजून दोन-तीन तास फुगतच असते. थंडीत पाऊणपट वाढेपर्यंत थांबलं तरी चालतं. हे "दुप्पट होऊ द्या" वालं वाक्य मी फॉलो केलं तेव्हा तीन उन्हाळे भाकरी खाल्ली, पाव म्हणवत नव्हतं.

रविवारी सकाळी ओटीजी २३०-२४० अंशांवर, आत झाकणाचं जड भांडं अर्धा तास तापवून, वीस मिनिटं झाकून आणि वीस-पंचवीस उघडं. प्लॅस्टिकच्या मुठीचं झाकण नको. ओटीजी छोटा असेल तर सगळं निम्मं करा. भाजल्यावर तासभर कापायचा नाही, आमच्याकडे हे कधीच जमलेलं नाही.

उरलेल्या दहा ग्रॅमचं काय

१० ग्रॅमला ४० पीठ आणि २५-३० पाणी, म्हणजे पोळीच्या कणकेहून जरा सैल गोळा. घट्ट ठेवलं की हळू खातं आणि फ्रिजमध्ये दोन आठवडेसुद्धा बरं राहतं. बाहेर तासभर ठेवा, उन्हाळ्यात अर्धाच तास, आणि आत टाका. पूर्ण फुगवून मग फ्रिजमध्ये ठेवलं तर ते जेवून झालेलं असतं, आत जाऊन उपाशीच बसतं.

महिनाभर विसरलात? वर काळपट पाणी साचलं असेल तर घाबरू नका, ती उपासमारीची खूण, ओतून टाका आणि आतलं चमचाभर घेऊन १:५:५ ने दोन-तीनदा फीड करा. गुलाबी किंवा केशरी झाक दिसली, किंवा वर केसाळ बुरशी दिसली, तर मात्र मोह नको, बरणीसकट सगळं टाका. वरचं काढून खालचं वापरू असं करू नका. पावसाळ्यात बुरशी बहुतेक वेळा बरणीच्या कडेला वाळलेल्या पिठावर धरते, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर फीडला बरणी बदला.

आणि आंबटपणाबद्दल एक. उन्हाळ्यात पाव फार आंबट होतो आणि फुगतही नाही, याचं कारण नुसता वेग नाही. स्टार्टरमध्ये दोन मंडळी राहतात, फुगवणारं यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू. सॅन फ्रान्सिस्कोच्या सावरडोतला तो प्रसिद्ध जिवाणू, ज्याच्या नावातच ते शहर आहे, त्याला ३२-३३ अंश सगळ्यात मानवतात, आणि त्याच्या जोडीच्या यीस्टला २७ च्या आसपास, ३६ ला तर ते वाढायचंच थांबतं. म्हणजे मेमध्ये ओट्यावर जिवाणूंची दिवाळी आणि यीस्टला ऊन लागलेलं. त्यामुळे उन्हाळ्यात बरणी परातीत पाणी घालून त्यात ठेवा, वरून ओला पंचा, माठासारखं. तीन-चार अंश उतरतात आणि यीस्टला श्वास मिळतो. मुंबईत दमट हवेत पंच्याने फारसं होत नाही, तिथे परातीत बर्फाचे दोन खडे टाका.

अजून स्टार्टरच नाहीये त्यांच्यासाठी

थोडक्यात, कारण यात करण्यापेक्षा न करण्यासारखं जास्त आहे. ३० ग्रॅम कणीक, ३० पाणी, बरणीत. रोज एकदा त्यातलं ३० ठेवून ३०-३० घाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते धाडकन फुगेल आणि घाण वास येईल, मोज्यांसारखा. ते यीस्ट नसतं, दुसरेच जिवाणू गॅस करत असतात. इथे लोक नाचतात आणि पाव करायला घेतात आणि वीट निघते. मग चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं गप्प होतं, आणि इथे लोक टाकून देतात. टाकू नका. आंबटपणा वाढल्यामुळे ते पहिले जिवाणू गेलेले असतात आणि खरी मंडळी अजून हातपाय पसरत असतात. गप्प असताना फीड वाढवू नका, रोज एकदाच, आणि परत बुडबुडे आले की दोनदा. सात ते दहा दिवसांत १:१:१ ला चार-पाच तासांत दुप्पट व्हायला लागेल, आणि सलग तीन दिवस तसं झालं की मगच पाव. थंडीत सुरू केलं तर दोन आठवडे धरा. या पहिल्या दिवसांतलं काढलेलं पीठ खाऊ नका, कुंडीतल्या मातीत मिसळा.

नंतरचं उरलेलं मात्र खुशाल खा. फ्रिजमध्ये डब्यात साठवा, आठवडाभर चालतं, आणि वाटीभर झालं की त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर, जिरं, मीठ घालून धिरडी. आंबोळीसारखी आंबूस चव लागते आणि जाळी सुंदर पडते. सासूबाईंच्या मते स्टार्टरचा एवढाच खरा उपयोग आहे. त्यांना पावाचं कौतुक नाही, गोव्यात पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर (ताडीसारखी) घालून पाव फुगवायचे आणि त्याला म्हणे असली बरणी लागत नव्हती.

जपून ठेवायचं

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार दिवस गावाला गेलो आणि मी फ्रिज साफ करायला सांगून गेले होते. परत आले तर माझी बरणी ओट्यावर पालथी, लख्ख घासलेली, आत दोन थेंब पाणी. मावशी म्हणाल्या, ताई, त्यात काहीतरी नासलेलं होतं, बरं झालं मी बघितलं. काय बोलणार, वास खरंच तसा होता. सुदैवाने एका मैत्रिणीला दिलेलं होतं, तिच्याकडून दहा ग्रॅम परत आणलं. तेव्हापासून बरणीवर पांढरी पट्टी आहे, "नासलेलं नाही, घासू नये", आणि वाळवलेलं थोडं स्टार्टर फ्रीजरमध्ये आहे.

वाळवायला अगदी सोपं. पीकला असलेलं स्टार्टर बटर पेपरवर चमच्याच्या पाठीने पापडाहून पातळ पसरा, पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. उन्हाळ्यात एका दिवसात, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत कडकडीत होतं. कागदावरून पापुद्रे आपोआप सुटले आणि मोडताना कट् आवाज आला म्हणजे झालं, वाकलं तर अजून ओल आहे. चुरून घट्ट झाकणाच्या डबीत भरा. बहिणीला परदेशात न्यायला मी असंच दिलं होतं, दोन चमचे, डबीवर नाव-तारीख लिहून.

परत जिवंत करायला ५ ग्रॅम चुरा २० ग्रॅम कोमट पाण्यात दोन तास भिजवा, विरघळला की २० ग्रॅम कणीक घाला. पहिल्या दिवशी काही हालचाल दिसणार नाही, दुसऱ्या दिवशी कडेला चारदोन बुडबुडे येतील, तेव्हा त्यातलं २० ठेवून २०-२० द्या. रोज एकदा असं करत तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुप्पट व्हायला लागतं, थंड देशात असाल तर आठवडाही लागेल, आणि मग वरच्या हिशोबाने १:५:५ वर आणा.